तंजावर : जेवणाचा थांबा नव्हे

ताम्हण

दक्षिणेच्या ठरलेल्या सहलींत तंजावर म्हणजे चिदंबरम आणि मदुराईच्या मधला जेवणाचा थांबा असतो. साडेअकराला बस बृहदीश्वराच्या देवळापाशी लागते आणि साडेबाराच्या सुमारास देऊळ बंद व्हायला येतं. तेवढ्यात दर्शनाची रांग, नंदीपुढे फोटो आणि 'चला चला, पुढे उशीर होतोय'. त्यातून ऊन ऐन डोक्यावर. अंगण सगळं दगडी, पाय अनवाणी. काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्यांवरून माणसं टणाटण उड्या मारत सावलीकडे पळतात आणि दोनशे फुटांच्या वर गेलेलं ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, मान वर करून कुणी धड बघतही नाही. घरी आल्यावर मात्र 'तंजावर झालं'.

गेल्या महिन्यात इथे दोघातिघांनी तंजावरबद्दल विचारलं होतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मुक्काम तंजावरलाच करा आणि देऊळ दोन वेळा बघा. एकदा सकाळी उघडल्या उघडल्या, एकदा संध्याकाळी चारनंतर. सकाळी पूर्वेचं ऊन विमानावर सरळ पडतं आणि दगड मधासारखा पिवळा दिसतो. संध्याकाळी गावातली माणसं येतात. शाळेतून सुटलेली पोरं, डबे घेऊन आलेली कुटुंबं, गजरे, गप्पा. एवढं पुरातन देऊळ, पण वस्तुसंग्रहालयाची कळा त्याला अजिबात नाही.

दुसरी गोष्ट जरा वादाची आहे. आपली मराठी माणसं तंजावरला 'आपलं राज्य होतं' हे डोक्यात घेऊन जातात आणि देवळात शिरल्या शिरल्या मराठी शिलालेख कुठे आहे ते विचारतात. तसं करू नका. आधी चोळांचं देऊळ चोळांचं म्हणून बघा. भोसले इथे आले तेव्हा ते साडेसहाशे वर्षांचं होतं.

राजराज चोळाने १०१० मध्ये हे पूर्ण केलं. सगळं ग्रॅनाइट. तंजावरच्या आसपास नुसती कावेरीच्या गाळाची सपाट भातशेती आहे, खडक औषधालाही सापडत नाही. म्हणजे प्रत्येक चिरा लांबून ओढून आणलेला. गोपुरं बुटकी आणि गाभाऱ्यावरचं विमान उंच, हेही बघून ठेवा. नंतरच्या देवळांत, म्हणजे मदुराईला वगैरे, नेमकं उलट दिसतं. तिथे दरवाजे आभाळाला भिडतात आणि देव खाली लहानशा छपराखाली.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते खाली जोत्यावरच्या लेखांनी. देवळाला कंबरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी आहेत. मला तमिळ वाचता येत नाही, पण बरोबरच्या स्थानिक अभ्यासकाने बोट ठेवून सांगितलं. राजा म्हणतो, आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, हे सगळं दगडावर कोरा. बहिणीचं नाव राण्यांच्या आधी! ती कुंदवै. आणि पुढे मग खरोखरच सगळं कोरलंय. कुठला दागिना, वजन किती, त्यात मोती किती. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, कुठून आल्या, कुठल्या रांगेतलं कितवं घर मिळालं. दिवा लावायला तूप कोण देणार, त्यासाठी गुरं कुणाच्या ताब्यात. हजार वर्षांपूर्वीची अख्खी खतावणी भिंतीवर आहे आणि आपण तिला टेकून सेल्फी काढतो.

गाईड दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. संध्याकाळी पाचला अर्ध्या अंगणावर पडलेली असते आणि सगळा गाव तिच्यातच बसलेला असतो. दोन, शिखरावरचा दगड एकसंध ऐंशी टनांचा आहे. तो अनेक तुकडे जोडून केलेला आहे असं अभ्यासक सांगतात. देवळाला या भाकडकथांची काही गरज नाही.

नंदीचा मंडप नंतरचा, भोसल्यांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायकांच्या काळातला. वायव्येचं सुब्रह्मण्याचं देऊळही त्यांचंच. दगडात इतकं बारीक काम की लाकूड वाटावं. ते चुकवू नका.

आता मराठी लेख. आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे भिंतीवर आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सर्फोजी यांनी १८०३ मध्ये चिटणीस बाबूराय यांच्याकडून भोसले वंशाचं चरित्र लिहवून घेतलं आणि ते देवनागरीत कोरवलं. बखरच आहे, फक्त दगडावर. आजूबाजूला सगळी वळणदार तमिळ लिपी, आणि एकदम शिरोरेघ दिसते तेव्हा पाय थबकतातच, ते मीही कबूल करते. बहुतेक सहलींच्या वाटेवर हा कोपरा येत नाही, तिथे सहसा शुकशुकाट असतो.

राजवाड्याबद्दल प्रतिसादात लिहिते, हात दुखले.

सदूभाऊ_डोंबिवली

ताई, उत्तम. आम्ही दोघं, वय सत्तरीच्या आसपास, मिसेसचे गुडघे कुरकुरतात. जानेवारीत विचार आहे. पायऱ्या फार आहेत का? आणि विमानाने जवळचं कुठलं?

ताम्हण

सदूभाऊ, जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली. तिथून तंजावर साधारण साठ किलोमीटर, रस्ता चांगला. आगगाडीने यायचं तर चेन्नईच्या एग्मोरहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस आहे, सकाळी तंजावरला उतरवते. देवळात गाभाऱ्याकडे जायला थोड्या पायऱ्या आहेत, बाकी सगळं सपाट. पण चालणं भरपूर. काकूंना सकाळी लवकर आणा, फरशी तापायच्या आत. जाड मोजे घातले तरी चालतं, मी बऱ्याच वयस्कर बायका मोजे घालून फिरताना पाहिल्या.

तिखटजाळ

लेख चांगला, पण 'आपलं राज्य म्हणून बघू नका' हे पटलं नाही. का बघू नये? १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. पावणेदोनशे वर्षं! तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय कुणी वाढवलं? आपण आपल्या इतिहासाबद्दल एवढे बिचकत का बोलतो?

कावेरीकाठ

नमस्कार. मी मूळची कुंभकोणमची, आता चेन्नईला असते. आमचं घराणं तंजावर मराठी, आमच्याकडे तमिळ लोक आम्हाला रायर म्हणतात. घरात मराठी बोलतो पण आजोबा ते तमिळ लिपीत लिहायचे. देवनागरी मी मोठेपणी शिकले, चुका सांभाळून घ्या.

तिखटजाळ, तुमचा प्रश्न आमच्या घरात नेहमी निघतो. पुण्याहून कुणी पाहुणे आले की 'आपलं राज्य' म्हणतात. माझे वडील हसतात आणि विचारतात, आपलं म्हणजे कुणाचं? व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ, विजापूरच्या चाकरीत होते. मदुराईच्या नायकाने १६७३ मध्ये तंजावर घेतलं होतं, ते सोडवून तंजावरच्या नायकांच्या वारसाला गादीवर बसवायला विजापूरने त्यांना पाठवलं. बसवलं, आणि थोड्याच दिवसांत स्वतः बसले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजीमहाराज कोळ्ळिडम नदीपर्यंत आले, दोघा भावांची भेट झाली, वडिलांच्या दौलतीतला वाटा मागितला, आणि व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. नंतर लढाई झाली, मग तह. म्हणजे तंजावर हे स्वराज्याचं दक्षिणेतलं ठाणं, असं कधी नव्हतं.

पण पुढे काय झालं ते जास्त छान आहे. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, १६८४ ला गादीवर आले. त्यांनी तेलुगूत लिहिलं, मराठीत लिहिलं, एका नाटकात तर पाच भाषा आहेत. दरबाराची कवितेची भाषा तेलुगू, कारण नायकांची ती होती. रयत तमिळ. पंडित संस्कृत. आणि हिशेब मोडीत. ते आले तसे राहिले नाहीत.

तिखटजाळ

माहिती नवीन होती, धन्यवाद. पण मग लेखात तेच म्हणा ना. 'बघू नका' म्हटलं की चिडायला होतं.

ताम्हण

बरं, मग असं म्हणते : आधी बाकीचं बघा, मग ते बघा. चालेल? :)

कावेरीकाठ, तुम्ही आलात ते फार बरं झालं. मला हेच सांगायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

निरांजन

नाटकांचा विषय निघालाच आहे तर. आपण शाळेत शिकलो की पहिलं मराठी नाटक विष्णुदास भाव्यांचं, सांगली, १८४३. शहाजीराजांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' त्याच्या दीडशे वर्षं आधीचं आहे, आणि ते मराठीत आहे. हस्तलिखितं तंजावरातच पडून राहिली आणि इकडे कुणाला पत्ता नव्हता.

सर्फोजींचं 'देवेंद्र कुरवंजी' तर अजबच प्रकार आहे. कुरवंजी हा तिकडचा नाट्यप्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात बघते, तिच्या प्रियकराबद्दल सांगते. सर्फोजींनी त्या बाईच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. खंडं, देश, समुद्र. मराठीत, गाण्यांतून. भूगोलाच्या मास्तरांनी दखल घ्यावी.

मी भरतनाट्यम शिकले, त्यामुळे माझ्यासाठी तंजावर म्हणजे चार भाऊ : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू. सर्फोजींच्या दरबारातले. आज अलारिपूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम आम्ही करतो तो त्यांनी बसवला. देवळाच्या विमानात आत वरच्या मजल्यावर करणांची, म्हणजे नृत्यातल्या मूळ हालचालींची, शिल्पं आहेत, एकशेआठपैकी एक्क्याऐंशी कोरलेली आणि पुढचे दगड कोरेच. तिथे सर्वसामान्यांना सोडत नाहीत, पण बाहेर फोटो लावले आहेत. तेच चोळ भित्तिचित्रांचं. १९३१ मध्ये नायककालीन चित्रांचे पापुद्रे सुटलेले दिसले आणि खाली चोळांची चित्रं निघाली. तीही प्रदक्षिणेच्या अंधाऱ्या बोळात बंद आहेत. आवारातल्या माहिती केंद्रात त्यांच्या मोठ्या प्रती आहेत, तिथे अर्धा तास काढा. बहुतेक लोक तिथे नुसते पंख्याखाली बसायला येतात.

आंबेमोहर

खाण्याचं कुणी बोलणार का? सांबार संभाजीमहाराजांच्या नावावरून आलं हे खरं ना? तंजावरच्या दरबारात पहिल्यांदा केलं म्हणतात, आमसुलांऐवजी चिंच घालून.

मोडीवेडा

आंबेमोहर, ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण तिला लेखी आधार कुणी दाखवलेला नाही. सर्फोजींच्या स्वयंपाकघराच्या पाककृतींची बाडं आहेत, ती छापलीही आहेत. गोष्ट म्हणून जेवताना सांगायला हरकत नाही.

कावेरीकाठ

खाण्याचं मी सांगते. आमच्या घरी डांगर पच्चडी होते. उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, वरून फोडणी. तुमच्याकडचं डांगरच ते. आता ती सगळ्या तंजावर भागातले तमिळ लोकही करतात आणि ती आमच्याकडून गेली हे त्यांना माहीतही नसतं. हॉटेलात मिळणार नाही. हॉटेलात तुम्ही केळीच्या पानावरचं जेवण जेवा आणि वत्तकुळंबू मागा, म्हणजे सुकवलेल्या भाज्यांची, चिंचेची, घट्ट आमटी. कॉफी कुंभकोणमला प्या. पितळी डबऱ्यात. साखर कमी सांगायची असेल तर आधीच सांगा.

सदूभाऊ_डोंबिवली

वाचतोय. मिसेस म्हणतात साखर कमी नको.

ताम्हण

आता राजवाडा, कबूल केल्याप्रमाणे.

बाहेरून बघितलात तर निराशा होईल. नायकांनी बांधायला घेतला, भोसल्यांनी वाढवला, आणि आता अर्धा पडका, अर्धा सरकारी कार्यालयं. तिकिटं वेगवेगळी फाडावी लागतात, कुठलं कशाचं ते कळत नाही. जिन्यांवर पारव्यांची घाण. एका मनोऱ्यात देवमाशाचा सांगाडा ठेवलाय, का ते विचारू नका. मराठा दरबाराचे खांब आणि छत मात्र रंगवलेले आहेत, तिथे जरा थांबा.

पण नायक दरबारातली कलादालनं! तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव. ब्रॉन्झ, १०११ सालचा. शिव उभा आहे, एक पाय दुसऱ्यावर आडवा टाकलेला, हात सैल, कोपर टेकवल्यासारखा. ज्या नंदीवर टेकलाय तो नंदीच नाही, हरवलाय. तरी तो टेकलेलाच दिसतो. केस सापांनी गुंडाळून फेट्यासारखे बांधलेत. पाठीमागून बघा, पाठीचा कणा आणि कंबरेची गाठ. आसपास चोळ ब्रॉन्झची रांगच्या रांग आहे, पण मी याच्यापाशीच अडकले. पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला.

त्याच दालनात पांढऱ्या संगमरवरातले सर्फोजी आहेत, हात जोडून उभे. त्यांची कथा इथे सांगायलाच हवी. दुसऱ्या तुळजाराजांनी मरणाआधी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं. पण गादीवर बसले अमरसिंह, तुळजांचे भाऊ, दत्तक नियमाला धरून नाही म्हणून. कंपनीने आधी तेच मानलं, मग पुन्हा पंडितांची मतं घेतली आणि १७९८ मध्ये सर्फोजींना बसवलं. दुसऱ्याच वर्षी तह करून राज्यकारभार स्वतःकडे घेतला. राजांकडे उरला किल्ला आणि शहर. बदल्यात वर्षाला एक लाख पगोडे (सोन्याची नाणी) आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य नाही, पैसा आहे, वय विशी-बाविशीचं. अशा माणसाने काय करावं? याने पुस्तकं जमवली. डोळ्यांवर उपचार करवले आणि रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं, उपचाराच्या टिपणांसह, काढून ठेवली. देवनागरी छापखाना घातला. तिथे १८०६ मध्ये इसापनीतीचं मराठी भाषांतर, बालबोध मुक्तावली, छापलं. मुंबईत मराठी छपाई नीट रुळायच्या आधी! काशीयात्रेला गेले ते १८२० मध्ये. मला ही माणसं लढवय्या पूर्वजांपेक्षा जास्त जवळची वाटतात. यावर शिव्या पडतील, पडू देत.

तिखटजाळ

शिव्या नाही, पण राज्य घालवून पुस्तकं जमवली, यात कौतुक काय? कंपनीचे मांडलिक. वेलिंग्टनच्या विजयासाठी मनोरा कुणी बांधला? समुद्रकिनारी, नेपोलियन हरला म्हणून. आपल्या राजाने!

मोडीवेडा

बांधला. सेतुभावाछत्रमजवळ, १८१४-१५ च्या सुमाराचा, सहा कोनांचा, आठ मजल्यांचा. तिखटजाळ, तुमचा राग खरा आहे, पण सर्फोजींना राज्य मिळालं कधी, की ते घालवतील? तो तह त्यांच्यासमोर लिहून ठेवलेलाच होता. नाही म्हटलं असतं तर अमरसिंह पुन्हा तयारच होते.

मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. सर्फोजी वाढले ते श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं. श्वार्ट्झ मरणशय्येवर, आणि सर्फोजी त्याचा हात धरून उभे. राजा धर्माने शिवभक्त, मंदिरात वंशचरित्र कोरणारा, काशीला जाणारा. आणि चर्चमधल्या संगमरवरात पाद्र्याचा हात धरून. देवळाला लागूनच आहे ते. उघडं सापडलं तर जरूर आत जा.

कावेरीकाठ

आणि छत्रम, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, राहिलीच. सर्फोजींनी ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्रम बांधलं, १८०२ मध्ये, त्यांच्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने. ती राणी नव्हती. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथे जेवण, निवारा, आजाऱ्याला औषध, मुलांना शाळा. इमारतीचा एक भाग रथासारखा आहे, हत्ती-घोडे ओढतायत असा. अशी छत्रमं रामेश्वरच्या वाटेवर बरीच होती. महाराष्ट्रातून काशी-रामेश्वर करणाऱ्या कितीतरी लोकांच्या पोटात आमच्या तंजावरचा भात गेला असेल! मनोऱ्याबद्दल राग करा, पण हेही हिशेबात धरा.

निरांजन

छत्रमचं माहीत नव्हतं. जाणार.

कावेरीकाठ, कीर्तनाबद्दलही लिहा ना. तुमच्याकडे हरिकथा म्हणतात ती.

कावेरीकाठ

मला गाण्यातलं कमी कळतं, पण आजीकडून ऐकलेलं सांगते. मोरगावकर रामचंद्रबुवा म्हणून कीर्तनकार एकोणिसाव्या शतकात तंजावरला आले, चातुर्मासात राहिले, आणि त्यांच्या कीर्तनाचं लोकांना वेड लागलं. तंजावर कृष्ण भागवतर, तमिळ माणूस, त्यांनी तो ढंग उचलला, त्यात कर्नाटक संगीत घातलं आणि त्यातून आजची हरिकथा झाली. म्हणून अजूनही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग असतात. समोर बसलेल्या आज्यांना मराठी येत नाही, पण दिंडीची चाल सुरू झाली की माना डोलतात.

समर्थांचे मठही आहेत. तंजावरात भीमस्वामींचा. आम्ही लहानपणी रामनवमीला जायचो, सुंठवडा मिळायचा.

मोडीवेडा

आता माझा जीव ज्यात अडकलाय त्याबद्दल. सरस्वती महाल. ग्रंथालय नायकांपासूनचं, सर्फोजींनी भरभराटीला आणलं, १९१८ पासून सार्वजनिक. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. एकट्या मराठीची हस्तलिखितं तीन हजारांच्या आसपास. शिवाय मोडी कागदांचे तेराशेहून जास्त रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी. त्यात दरबारचे खर्च, नोकरांचे पगार, कुणाला कुठली शाल दिली, कुठल्या नाचणारीला किती, हत्तीचा खुराक, सगळं. राजराजाने दगडावर लिहवलं, यांनी कागदावर. बऱ्याच कागदांची तमिळ भाषांतरं छापून झालीत, पण मोडी वाचणारे कमी आहेत.

सगळ्यांना माहीत असावं म्हणून : ग्रंथालयात अभ्यासकांनाच सोडतात, त्यासाठी आधी पत्र लागतं. पण शेजारचं छोटं संग्रहालय सर्वांना खुलं आहे. तिथे ताडपत्रं आहेत, सर्फोजींच्या संग्रहातली चार्ल्स ल ब्रूनची चित्रं आहेत. माणसाचा चेहरा आणि शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं जनावर. घुबडतोंड्या माणसापाशी आमची चिरंजीव खदाखदा हसली. शिक्षेच्या चिनी चित्रांचा एक संच आहे, तो लहान मुलांना दाखवू नका. विक्रीच्या खिडकीवर ग्रंथालयाचीच प्रकाशनं अगदी नगण्य किमतीत मिळतात, मराठीही. पिशवी घेऊन जा. सुट्टीचा वार कुठला ते हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. दार बंद असलं की राजवाड्यात नुसतेच पारवे.

आंबेमोहर

तंजावर पेंटिंग घ्यावं का? आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्या?

ताम्हण

बाहुली घ्या, मऊ गुंडाळून आणा. तळ जड आणि गोल असतो, त्यामुळे कितीही ढकलली तरी उभी राहते. पेंटिंगला घाई करू नका. खऱ्या सोन्याचा वर्ख की नकली, हे दुकानदार सांगेल तेच आपल्याला मानावं लागतं, म्हणून पावतीवर 'सोन्याचा वर्ख' लिहून मागा. जो लिहून द्यायला कुरकुर करेल त्याच्याकडून घेऊ नका. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलचा माणूस एका दुकानाचं कार्ड फारच आग्रहाने देत होता, ते दुकान दुप्पट भावाचं निघालं. पाटीवर उठाव आलाय तिथे नख लावून बघू नका, खडूची पेस्ट असते, निघते!

वीणा बघायची असेल तर बनवणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत गावात. फणसाचं लाकूड. विकत घ्यायची नसली तरी आत येऊ देतात, पण भुसा सगळीकडे, दमेकऱ्यांनी जपून.

तिखटजाळ

एक प्रामाणिक प्रश्न. तिथल्या लोकांना आपल्याबद्दल काय वाटतं? म्हणजे आपण मराठी आहोत म्हटल्यावर?

कावेरीकाठ

तुम्ही फेटा-बिटा बांधून आलात तर कौतुकाने बघतील. :) गंमत सोडा. तंजावरच्या माणसाचा अभिमान राजराज चोळ. ऐप्पसी या तमिळ महिन्यात त्याच्या जन्मनक्षत्राचा उत्सव असतो, सगळं गाव लोटतं. २०२० च्या फेब्रुवारीत कुंभाभिषेक (देवळाच्या पुनःप्रतिष्ठेचा विधी) झाला तेव्हा वाद कशाचा होता? विधी संस्कृतात की तमिळमध्ये. कोर्टात गेला, शेवटी दोन्ही भाषांत झाला. मराठीचं नावही निघालं नाही. आणि तरीही हे देऊळ राजवाडा देवस्थानाच्या अठ्ठ्याऐंशी देवळांपैकी आहे, भोसले घराण्यातले आजचे वारस त्याचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. कुणाला त्याचं विशेष वाटत नाही, राग तर नाहीच. तुम्हाला हे विचित्र वाटेल, आम्हाला नाही वाटत.

तिखटजाळ

विचित्र वाटतं खरं. पण विचार करायला लावलंत. प्रतिसाद जपून ठेवतो.

निरांजन

जानेवारीत जाणारे असाल तर तिरुवैयारू विसरू नका. तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटर, कावेरीच्या काठी. कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी. पौष वद्य पंचमीला आराधना असते, त्या दिवशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रचना, म्हणतात. राजाश्रय त्यागराजांनी नाकारला असं सांगतात. समाधीचं मंदिर बांधलं बंगळूर नागरत्नम्माळ यांनी, देवदासी परंपरेतल्या. आराधनेत बायकांना गाऊ देत नव्हते, तर तिने भांडून जागा मिळवली. तिची समाधीही समोरच आहे. गर्दी प्रचंड असते, मोबाईल सांभाळा.

सदूभाऊ_डोंबिवली

म्हणजे जानेवारीच पक्का करतो. पाऊस नाही ना त्या वेळी? आणि मुक्काम तंजावरला की कुंभकोणमला? एजंट म्हणतो कुंभकोणमला स्वस्त.

ताम्हण

पाऊस तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी उत्तम, भात कापणीला आलेला असतो, पोंगल पण सापडेल. पोंगलच्या दिवसांत मात्र गाड्या आधी राखून ठेवा, अख्खं चेन्नई गावाकडे निघतं.

मुक्काम तंजावरलाच. कुंभकोणम चाळीस किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत या. वाटेत दारासुरमचं ऐरावतेश्वर बघा. आकाराने लहान, कोरीवकाम तंजावरपेक्षा नाजूक. गंगैकोंडचोळपुरम, राजराजाच्या मुलाचं देऊळ, आणखी पुढे आहे, गाडी ठरवली तरच. तिन्ही जागतिक वारशात आहेत. एका दिवसात तिन्ही केलीत तर काकूंचे गुडघे तुम्हाला माफ करणार नाहीत.

सदूभाऊ_डोंबिवली

गंगैकोंडचोळपुरम सोडलं. मनोरा बघायचाय, तिखटजाळ यांच्यासाठी फोटो टाकतो.

तिखटजाळ

टाका. खाली 'निषेध' लिहून टाका. आणि मुक्तांबाळ छत्रमचाही टाका, त्याला निषेध नको.